मेडिकलच्या मुलांना नेतृत्व शिकवायचं कुठं : वर्गात की वॉर्डात?

वेणुग्राम

काल संध्याकाळी लॉगबुकांचा गठ्ठा तपासायला घेतला. मी बेळगाव भागातल्या एका मेडिकल कॉलेजात कम्युनिटी मेडिसिन शिकवते. २०१९ पासून एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम आला. डॉक्टर कसा असावा याच्या त्यात पाच भूमिका सांगितल्या आहेत: उपचार करणारा, आरोग्याच्या चमूचा नेता आणि सदस्य, संवाद साधणारा, आयुष्यभर शिकत राहणारा आणि व्यवसायाशी प्रामाणिक असणारा. त्यासाठी 'ॲटकॉम' नावाची २७ प्रकरणं आहेत, म्हणजे वृत्ती, नीती आणि संवाद. पहिल्या वर्षाचं पहिलंच प्रकरण 'डॉक्टर असणं म्हणजे काय', दुसरं 'पेशंट असणं म्हणजे काय'. प्रत्येक प्रकरणानंतर मुलांनी आपल्याला काय वाटलं ते लिहायचं असतं.

पन्नासेक वह्या वाचल्या. जवळजवळ सगळ्यांत तेच वाक्य, 'या सत्रातून मला सहानुभूतीचं महत्त्व समजलं.' शब्दसुद्धा तेच. कुणीतरी एकानं लिहिलं आणि ते ग्रुपवर फिरलं, हे उघड होतं. मला राग आला नाही, वाईट वाटलं. कारण चूक त्यांची नाही. आम्ही त्यांना कधी खरं लिहू दिलं नाही.

मग एक वही आली. पहिल्या वर्षाचा मुलगा, बेळगाव शहरातच वाढलेला, घरी मराठी. कुटुंब दत्तक कार्यक्रमासाठी, म्हणजे गावातल्या काही घरांच्या आरोग्याची मुलांनी विचारपूस करत राहायची त्यासाठी, त्याला उचगावच्या बाजूच्या एका गावात घरं दिली होती. एका घरी सत्तरीची आज्जी, शुगर असलेली. यानं फॉर्मवर बघत विचारलं, "आपल्या कुटुंबात मधुमेहाची पार्श्वभूमी आहे का?" आज्जीनं त्याच्याकडे बघितलं आणि शेजारी उभ्या आशाताईला म्हणाली, "काय म्हणालंय गं हे पोर?" बरोबरची तीन मुलं हसली. पुढचं त्यानं असं लिहिलंय:

"मला राग आला. मराठी घरातला असून मला मराठी येत नाही असं झालं. त्यानंतर मी आज्जीकडे न बघता भराभर विचारत गेलो. पायांचा रकाना मी 'नॉर्मल' म्हणून भरला. पाय बघितले नव्हते. विसरलो नव्हतो. मला तिथून लवकर निघायचं होतं."

मी ही ओळ तीन-चारदा वाचली. 'विसरलो नव्हतो, लवकर निघायचं होतं.' वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला जे कबूल करायला जमत नाही ते अठरा वर्षांच्या पोरानं लिहिलं. राग कुठून आला, तो कुठं गेला आणि त्यापायी कुणाचे पाय तपासायचे राहिले, हे त्याला दिसलं. आत्मभान म्हणतात ते याहून वेगळं काय असतं मला माहीत नाही.

मी समासात लिहिलं, "पुढच्या गुरुवारी मीही येते, आधी पाय बघू." गेलो. आज्जीच्या टाचांना भेगा होत्या, बाकी काही नव्हतं. तो जमिनीवर बसला, दोन्ही पाय हातात घेऊन बोटांच्या मधे बघितलं. या वेळी त्यानं विचारलं, "आज्जी, घरात आणि कुणाला शुगर हाय काय?" तिनं भावाचं सांगितलं, बहिणीचं सांगितलं, बहिणीचा अंगठा कापावा लागला तेही सांगितलं.

हे मला दीडशे मुलांपर्यंत न्यायचं आहे. एका तासाच्या लेक्चरात ते होत नाही, हे मला आता पक्कं कळलंय. या फोरमवर डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत, पेशंटच्या घरचे आहेत. तुम्हाला हे कुणी शिकवलं, कसं शिकवलं, ते सांगा. आणि आपल्या भागाचं म्हणून सांगा. एका वॉर्डात कानडी, मराठी, हिंदी, कोकणी सगळं ऐकू येतं, चंदगडचा पेशंट एका खाटेवर आणि गोकाकचा शेजारी, अशा ठिकाणी पुढाकार घेणं म्हणजे नक्की काय, हे पुस्तकात नाही.

तिसरं_वर्ष

मॅडम, मी तुमच्या कॉलेजचा नाही, पण त्या पन्नासांतला एक मीही आहे. आम्ही कॉपी का करतो ते सांगतो.

पहिल्या वर्षी डिसेक्शनच्या पहिल्या दिवसाबद्दल लिहायचं होतं. मृतदेह हा पहिला शिक्षक, असं ते प्रकरण होतं. मी खरंच लिहिलं होतं. की मला हात दिसल्यावर आमच्या आजोबांचे हात आठवले आणि मी बाहेर जाऊन उलटी केली, आणि हे घरी कुणाला सांगितलं नाही. पुढच्या तासाला ते पान वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं गेलं. नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना कळलं. वर्षभर मला त्यावरून चिडवलं. त्यानंतर मी सहानुभूतीचं महत्त्वच लिहीत आलोय. त्या वाक्यावर सही लगेच मिळते.

जिथे लिहिलेल्यावर हजेरी आणि सही आहे तिथे खरं कोण लिहिणार? एवढंच म्हणायचं होतं.

वेणुग्राम

तुझं पान वाचून दाखवायला नको होतं. ज्यांनी वाचलं त्यांच्या वतीनं मी काही बोलू शकत नाही, पण एक शिक्षिका म्हणून मला याचं फार वाईट वाटतंय. आणि तू दाखवलेलं बरोबर आहे, हजेरी आणि मनातलं एकाच वहीत येता कामा नये. यावर मी विचार करते.

रात्रपाळी

मी चौतीस वर्षं स्टाफ नर्स होते, त्यातली निम्मी रात्रपाळीत गेली. आता टिळकवाडीत घरी असते. मॅडम, तुम्ही विचारलंत म्हणून एक रात्र सांगते. कुठल्या हॉस्पिटलची ते विचारू नका.

मेल मेडिकल वॉर्ड, रात्रीचे दोन. पंचेचाळिशीचा गडी, शेतमजूर. सोबतचे म्हणाले, दारू प्यालाय, बडबड करतोय, सकाळी उतरेल. नवा इंटर्न होता, त्या दिवशीचा त्याचा सतरावा की अठरावा पेशंट. लांबूनच बघून म्हणाला, "दारू आहे, सलाईन चालू ठेवा." मी त्या माणसाच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार आणि घाम असा की हात निथळला. दारूचा वास होता, पण दारू चढलेला माणूस असा गार पडत नाही. मी म्हटलं, "सर, एकदा शुगर बघूया का?" तर माझ्यावर खेकसला, "सिस्टर, डॉक्टर तुम्ही की मी?"

मी गप्प बसले. पंधरा सेकंद असतील. ते पंधरा सेकंद मला अजून आठवतात, कारण गप्प बसायची सवय लागलेली असते. मग मी ग्लुकोमीटर उचलला आणि त्याच्या देखत बोटाला टोचलं. शुगर अडतीस, जिवाला धोका व्हावा इतकी कमी.

ते पोर पांढरं पडलं. पण त्यानं वेळ घालवला नाही. पंचवीस टक्क्यांचं ग्लुकोज मागितलं, शीर सापडेना, मला म्हणाला "सिस्टर, तुम्ही घ्या, तुमचा हात बसलाय." मी शीर घेतली, त्यानं हळूहळू ग्लुकोज सोडलं. पाचेक मिनिटांत पेशंटनं विचारलं, मी कुठं हाय? शुगरच्या गोळ्या घेतलेल्या, दिवसभर पोटात अन्न नाही, वर दारू.

हे काही नवं नाही, असं होतच असतं. मी सांगतेय ते पुढचं. पाच वाजता मी चहा करत होते. तो आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "सिस्टर, मी तुमच्यावर ओरडलो. मला झोप आली होती आणि मला वाटलं तुम्ही माझी परीक्षा घेताय. चुकलं माझं." एवढं म्हणून तो गेला नाही. आठ वाजता राऊंडला सरांसमोर, बाकी इंटर्न उभे असताना म्हणाला, "शुगर सिस्टरांनी बघायला लावली, मी आधी नको म्हटलं होतं." कुणी विचारलं नव्हतं त्याला. गप्प राहिला असता तरी चाललं असतं.

त्या दिवसापासून त्या युनिटातल्या सगळ्या सिस्टर त्याला रात्री हाक मारायला कचरायच्या नाहीत. पेशंटमध्ये जरा काही वेगळं दिसलं की पहिला फोन त्याला. त्याचे पेशंट बचावले ते त्याच्या हुशारीनं बचावले तसे या फोनांनीही बचावले. तुम्ही नेतृत्व नेतृत्व म्हणता, मला तर ते त्या चहाच्या दारात दिसलं.

आणि एक. चौतीस वर्षांत मेडिकलच्या मुलांच्या वर्गात बोलायला मला एकदाही कुणी बोलावलं नाही.

भूल_शहापूर

ताई, तुमचे ते पंधरा सेकंद हाच माझा विषय. मी भूलतज्ज्ञ आहे.

इंग्लंडमध्ये २००५ साली एलेन ब्रॉमिली नावाच्या ३७ वर्षांच्या बाईंची सायनसची नेहमीची शस्त्रक्रिया होती. भूल दिल्यावर श्वासाचा मार्ग मिळेना. अनुभवी डॉक्टर तिथे होते. ते नळी घालण्याचा प्रयत्न करत राहिले, करत राहिले, ऑक्सिजन खाली गेलेला. एका नर्सनं गळ्यातून श्वासमार्ग काढायचा संच आणून ठेवला आणि तसं सांगितलं. दुसरीनं अतिदक्षतेत खाट बघितली. पण डॉक्टरांचं लक्ष त्या एकाच नळीत अडकलं होतं. बाई १३ दिवसांनी गेल्या. त्यांचे पती विमानाचे पायलट होते. कुणाला शिक्षा व्हावी म्हणून ते भांडले नाहीत, नेमकं काय घडलं हे समजून घ्यायचं आणि सगळ्यांना शिकवायचं हा त्यांनी ध्यास घेतला. विमानाच्या कॉकपिटमध्ये सहवैमानिकानं कॅप्टनला कसं टोकायचं हे शिकवतात, त्याचा सराव घेतात. ऑपरेशन थिएटरात ते का नसावं, हा त्यांचा प्रश्न होता.

मी ही गोष्ट दर बॅचला सांगतो. डॉक्टर वाईट होते म्हणून हे झालं नाही. ज्या नर्सना दिसत होतं त्यांच्याकडे बोलायचे शब्द नव्हते आणि ज्यांच्याकडे अधिकार होता त्यांना आपण अडकलोय हे कळत नव्हतं. नेतृत्व आणि आत्मभान हे दोन विषय नव्हेतच, एकाच प्रसंगाची दोन टोकं आहेत.

म्हणून मी शब्द शिकवतो. तीन पायऱ्या. पहिली, "सर, मला काळजी वाटतेय." तरी थांबले नाहीत तर, "सर, मला हे बरोबर वाटत नाही." तरीही नाही तर, "सर, थांबा, पेशंटला धोका आहे." मुलांना जोडीनं उभं करून हे म्हणायला लावतो, मराठीत, कानडीत, हिंदीत, ज्याला जे जमेल त्यात. सुरुवातीला आवाजच फुटत नाही. 'सर, थांबा' हे दोन शब्द आपल्याकडच्या मुलाच्या तोंडून निघायला किती जड जातात ते बघायला पाहिजे. घरात, शाळेत, कुठंच मोठ्यांना थांबवायची सवय नाही. पाचव्या-सहाव्या वेळी निघतात.

दुसरं, फोन. रात्री वरिष्ठांना उठवायचं तर मुलं घाबरून कुठूनही सुरू करतात. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून दवाखान्यांत आलेली 'एसबार' म्हणून पद्धत आहे. आत्ता काय झालंय, मागची हकिगत काय, मला काय वाटतंय, तुम्ही काय करावं अशी माझी विनंती आहे. चार वाक्यं. यातलं तिसरं वाक्य मुलं गाळतात. 'मला काय वाटतंय' म्हणायला भीती वाटते, चुकलो तर? ते वाक्य मी गाळू देत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये शस्त्रक्रियेची १९ मुद्द्यांची यादी दिली. त्यातला एक मुद्दा म्हणजे सगळ्यांनी आपलं नाव आणि काम मोठ्यानं सांगायचं. आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत ती वापरून बघितली, त्यात एक दिल्लीचं होतं. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं, गुंतागुंत ११ वरून ७ टक्क्यांवर. २००९ ला हे छापून आलं. आमच्या थिएटरात ही यादी मी सगळ्यांत धाकट्या विद्यार्थ्याला वाचायला लावतो. एकदा स्वतःचं नाव त्या खोलीत मोठ्यानं घेतलं की नंतर काही दिसलं तर तोंड उघडायला सोपं जातं.

कॅम्प_सर्जन

मी स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

हे सगळं ऐकायला चांगलं आहे. पण माझ्याकडे येणाऱ्या इंटर्नला शीर घेता येत नाही, टाका नीट बसत नाही, ड्रेन कशाला ठेवलीय ते सांगता येत नाही. नेतृत्वाचे तास कुठून येतात? खाटेजवळचे तासच कमी होतात. माझ्या गुरूंनी मला कधी आत्मभान शिकवलं नाही. ते पहाटे साडेपाचला वॉर्डात असायचे, म्हणून मी सव्वापाचला असायचो. पेशंटच्या पोटावर हात ठेवायच्या आधी ते स्वतःचे हात चोळून गरम करायचे, थंडीत तर चुलीजवळ धरून यायचे. ते बघून मी शिकलो. ज्याच्या हातात कसब आहे त्याचं लोक आपोआप ऐकतात. कसब नसलेल्याला नेतृत्व शिकवलं तर तो बोलका आणि अडाणी डॉक्टर होईल, आणि तो जास्त धोक्याचा.

वेणुग्राम

सर, कसबाशिवाय काही नाही हे शंभर टक्के मान्य. वर्गातल्या तासांनी खाटेजवळचा वेळ खाऊ नये हेही मान्य, म्हणून तर धाग्याचं नाव तसं दिलं.

पण कसब असलेल्याचं लोक आपोआप ऐकतात, हे अर्धंच खरं वाटतं. वरच्या गोष्टीतले इंग्लंडचे डॉक्टर कसबी होते. आणि तुमच्या गुरूंनी हात गरम केले ते कशासाठी? पेशंटला आपला हात कसा लागतो याची त्यांना जाणीव होती म्हणूनच ना? तुम्हाला ते शिकवलं गेलं, फक्त त्याला नाव दिलं नव्हतं. तुम्ही भाग्यवान, सहा-सात विद्यार्थ्यांमागे एक गुरू होते. आता एका बॅचला दीडशे मुलं असतात, बघून शिकायला पुढची रांगच मिळत नाही.

आणखी एक. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्या बायकांना नवजात बाळांना तपासायला, आजारी बाळाला इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले, बालमृत्यू खूप खाली आले होते. तिथे डॉक्टरानं आपल्या हातातलं कसब दुसऱ्याच्या हातात दिलं. ते द्यायला लागणारं धाडस, विश्वास, हेही शिकावंच लागतं.

कॅम्प_सर्जन

हाताचा मुद्दा मान्य. गुरूंबद्दल असा विचार केला नव्हता. तासांबद्दल माझं मत बदललेलं नाही.

म्हादईकाठ

मी डॉक्टर न्हवं. जांबोटीच्या बाजूला आमचं गाव, शेती करतो. पण पेशंटच्या घरच्यांनी बोलावं असं मॅडमनी लिहिलंय म्हणून लिहितो.

दोन वर्षांमागं आमच्या आईला छातीत दुखतंय म्हणून बेळगावला आणलं. पावसाळ्याचे दिवस, रस्ता खराब, पोचायला दुपार झाली. पहिला डॉक्टर आला, कानडीतनं बोलला. आईला कानडी कळत न्हाई. मग त्यानं हिंदीतनं विचारलं, "दर्द कैसा है, चुभता है या दबाता है?" आई माझ्याकडं बघाय लागली. तिला 'दर्द' कळलं, पुढचं न्हाई. ती "व्हय" म्हणाली. सगळ्यालाच व्हय म्हणाली. तो लिहून गेला. मीही काय बोललो न्हाई, मला वाटलं डॉक्टरला कळलं असेल.

अर्ध्या तासानं दुसरी डॉक्टर आली, बारकी पोरगी, कानडी मुलखातली, बोलण्यावरनं कळत होतं. ती खाटेच्या कडंला टेकली आणि म्हणाली, "आई, माझी मराठी कच्ची हाय. मी चुकीचं विचारलं तर हसा, पण सांगा." आई खरंच हसली. तवर दिवसभर ती हसली न्हवती. मग त्या पोरीनं आपली मूठ छातीवर दाबून दाखवली, मग बोटानं टोचून दाखवलं, मग हात पोटापासून गळ्याकडं वर नेला. आईनं तिसरं दाखवलं. "हितनं जळजळत वर येतंय बाई, जेवल्यावर. रातीला जास्ती." नुसतं त्यावर न सोडता ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं, हृदयाचं काही न्हवतं. आम्ही दुसऱ्या दिवशी घरी आलो.

आमच्याकडं भाषेवरनं डोकी तापतात हे सगळ्यांना माहीत हाय. १९५६ पासनं तापलीत. माझी पण तापतात, मी ते लपवत न्हाई. पण त्या पोरीनं 'माझी मराठी कच्ची हाय' म्हटलं आणि त्या खाटेवर ते सगळं थांबलं. आपल्याला काय येत न्हाई ते आधी सांगणारा माणूस मला मोठा वाटतो. पहिल्या डॉक्टरला वाईट म्हणत न्हाई, तो पण थकलेला असेल. पण त्यानं एकदा जरी विचारलं असतं, "आई, मी काय विचारलं ते कळलं काय?"

रात्रपाळी

भाऊ, आई आता बरी आहे ना? जेवल्याबरोबर आडवी होऊ देऊ नका.

म्हादईकाठ

बरी हाय ताई. जेवून अंगणात फेऱ्या मारती आता.

समुपदेशक_निपाणी

मी मानसशास्त्राची, विद्यार्थ्यांचं समुपदेशन करते. 'तिसरं वर्ष' यानं लिहिलेल्या प्रसंगावर मला बोलायचं आहे, कारण तो धोका खरा आहे.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कार्यगटाचा २०२४ साली वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल आला. त्यात पदवीच्या २५,५९० विद्यार्थ्यांनी माहिती दिली होती, त्यातल्या २७.८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचं सांगितलं. चौघांतला एक. अशा मुलांना तुम्ही 'मनातलं लिही' म्हणता तेव्हा त्या मनात काय असेल याची तयारी तुमच्याकडे असली पाहिजे. कुणी जड काही लिहिलं तर ते कुणाकडे न्यायचं, हे आधी ठरलेलं हवं. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथे मराठी आणि कानडी दोन्हीत बोलता येतं. हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर छापा.

आत्मभान म्हणजे कबुलीजबाब नव्हे. १९५५ मध्ये जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम या दोघा मानसशास्त्रज्ञांनी 'जोहारी खिडकी' मांडली, दोघांच्या पहिल्या नावांवरून ते नाव आलं. चार खणांची खिडकी. मला आणि तुम्हाला दोघांना दिसतं ते एका खणात. मला ठाऊक आणि मी झाकलेलं दुसऱ्यात. तुम्हाला दिसतं पण मला दिसत नाही ते तिसऱ्यात. दोघांनाही न दिसणारं चौथ्यात. बहुतेक शिक्षक मुलांचा दुसरा खण उघडायच्या मागे लागतात, तुझं गुपित सांग. तो खण मुलाचा आहे, त्याला वाटेल तेव्हा तो उघडेल. शिकवायचा तो तिसरा. सिस्टरांना दिसलं होतं की तो इंटर्न थकलाय आणि त्याचं लक्ष नाही, त्याला स्वतःला दिसत नव्हतं. तिसरा खण एकट्यानं आरशात बघून उघडत नाही, दुसरा माणूस लागतो. आणि त्या माणसाला सांगायची मुभा लागते.

लंडनमध्ये १९५० च्या दशकात मायकेल बालिंट हे मनोविश्लेषक डॉक्टरांचे छोटे गट घेऊन बसायचे. एक डॉक्टर एका पेशंटची हकिगत सांगायचा, कागद न बघता. बाकीचे 'तू हे औषध का दिलं नाहीस' असं विचारत नसत. तो पेशंट तुझ्या मनात का अडकून राहिला, यावर बोलणं व्हायचं. आठ-दहा माणसं, दार बंद, बाहेर शब्द जाणार नाही. मॅडम, तुम्हाला असं काही जमेल.

तिसरं_वर्ष

तिसरा खण समजला. मला एक विचारायचंय. सिस्टरांना आमचं काय दिसतं ते त्या खरंच सांगतील का? आम्ही त्यांना नीट नावानंही हाक मारत नाही.

रात्रपाळी

बाळा, विचारलंस तर सांगू. पहिलं हेच सांगू, की नावानं हाक मार.

वेणुग्राम

तीन दिवस उत्तर दिलं नाही, कारण आमच्या विभागात बसून हे कसं करायचं ते बघत होते. सर्जन सरांचा वेळेचा मुद्दा मनात होता, म्हणून वेगळा तास मागितला नाही. गुरुवारी कुटुंबभेटीहून परत आल्यावर बसमधून उतरून मुलं कँटीनला जातात. त्या आधीची चाळीस मिनिटं घ्यायची ठरवलीत.

आठ मुलांचा एक गट. हजेरीची वही वेगळी, तिच्यात फक्त तारीख आणि सही. मनातलं लिहायचं ते सुट्या कागदावर, ज्याचा कागद त्याच्याजवळ राहील, द्यायचा की नाही ते त्यानं ठरवायचं. मोठ्यानं कुणाचं काही वाचलं जाणार नाही. दिलेल्या कागदावर मी दोन ओळींचं उत्तर लिहीन, शेरा नाही, मार्क नाही. सगळ्या दीडशे मुलांचे कागद मला एकटीला जमणार नाहीत, म्हणून विभागातल्या आणखी तिघांना विचारलं. दोघं हो म्हणाले. तिघांत दीडशे तरी होत नाहीत, तेव्हा या सहामाहीत चार गटच घेतोय. बत्तीस मुलं.

पहिल्या बैठकीत मी माझं सांगणार आहे. अजून कुणाला सांगितलेलं नाही, इथे पहिल्यांदा लिहिते. इंटर्नशिपमध्ये एका बाळंतिणीचा रक्तदाब मी लिहिला होता, मोजला नव्हता. आधीच्या नोंदीवरून अंदाजानं टाकला होता. बाईला काही झालं नाही, पुढच्या पाळीत कुणीतरी खरा मोजला, तो वाढलेला होता, उपचार वेळेवर झाले. मला कुणी काही विचारलं नाही. त्या मुलाच्या वहीत 'पाय बघितले नव्हते' वाचलं तेव्हा मला माझा तो आकडा आठवला. एकशेवीस, ऐंशी. अजून डोळ्यांसमोर येतो.

त्यांना आधी लिहायला सांगून मी कोरी राहिले तर तो व्यवहार बरोबरीचा होत नाही.

भूलतज्ज्ञ सरांच्या तीन पायऱ्या आम्ही तोंडपाठ करणार, तीन भाषांत. कानडीचे शब्द आमच्या कानडी सहकाऱ्यांकडून नीट करून घेतलेत. आणि रात्रपाळी ताई, पहिल्या बैठकीला तुम्ही शिक्षिका म्हणून याल का? पाहुण्या म्हणून नव्हे. रीतसर पत्र देऊ आणि मानधनाचंही मी बोलून ठेवलंय.

कॅम्प_सर्जन

चाळीस मिनिटं आणि तीही परतल्यावर, तर माझी हरकत नाही. माझ्या युनिटात जे चार इंटर्न येतात त्यांच्या राऊंडच्या शेवटी मी या आठवड्यापासून एक प्रश्न विचारतोय, "आज माझं काय चुकलं?" म्हणजे माझं, त्यांचं नव्हे. पहिले दोन दिवस कुणी बोललं नाही. काल एकीनं सांगितलं की मी एका पेशंटच्या मुलाशी बोललो आणि पेशंटकडे बघितलंच नाही, ती म्हातारी माझ्याकडे बघत होती. मी परत जाऊन म्हातारीशी बोललो.

भूल_शहापूर

सर, हे वाचून फार बरं वाटलं. तिचं नाव विचारून ठेवा, पुढच्या महिन्यात आमच्या थिएटरात येईल तेव्हा यादी तिला वाचायला देतो.

रात्रपाळी

येते मॅडम. पत्राचं राहू दे पण पाठवलंत तर आवडेल, नातीला दाखवीन. गुरुवारी किती वाजता आणि बस कुठं उभी राहते तेवढं सांगा. गुडघ्यामुळे जिना चढवत नाही, खोली खालच्या मजल्यावर असली तर बघा.

वेणुग्राम

साडेतीनला. खोली खालीच घेतलीय. न्यायला गाडी पाठवते. टिळकवाडीत कुठं यायचं ते मला वेगळं कळवा, इथे पत्ता लिहू नका.

तिसरं_वर्ष

मॅडम, दुसऱ्या कॉलेजातलं कुणी नुसतं बसून ऐकलं तर चालेल का? गुरुवारी दुपारी आमची पोस्टिंग तीनला संपते.

वेणुग्राम

चालेल. पण नुसतं ऐकायला नको, कागद घेऊन ये.